मायच्या हातचा पेला

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा प्रभुभोजनाचा पेला बाहेरच्या कुणी पाहिला असता, तर त्याला त्यात विशेष काही दिसलं नसतं. पितळेचा, वरून चांदीचा मुलामा दिलेला, तोही बुडाशी उडालेला. काठाला एके ठिकाणी चांगला बोटभर पोचा होता. तो कसा पडला याच्या तीन वेगवेगळ्या हकिकती मी लहानपणी ऐकल्या, आणि तिन्ही सांगणाऱ्यांनी त्या अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारख्या सांगितल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपत आली की येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून पाळकसाहेब द्राक्षरसाचा तो पेला दोन्ही हातांनी उचलत, आणि मग तो बाकांवरून हातोहात फिरे, आधी पुरुषांकडून, मग बायकांकडून. त्याचे नियम दोनच होते. पेला पुसायचा नाही आणि फिरवायचा नाही. शेजारच्या माणसानं जिथून घोट घेतला तिथूनच आपण घ्यायचा. आमच्या पणज्यांच्या वेळी वेगवेगळ्या जातींतली माणसं या मंडळीत आली, तेव्हा ती एकमेकांच्या हातचं पाणीसुद्धा पीत नव्हती म्हणे. पहिल्या पाळकांनी तेव्हा हा दंडक घातला, आणि पुढे शेजारणींची भांडणं झाली, सोयरिकी मोडल्या, तरी पेला कधी कुणी फिरवला नाही. आमच्या लोकांना याचा मोठा अभिमान होता. मलाही होता. पुढे जे सांगायचं आहे ते याच अभिमानाचं आहे, म्हणून आधी पेल्याची ओळख करून दिली.

आम्ही अमरावतीत कॅम्पाच्या बाजूला मिशनच्या चाळीत राहायचो. बाबा मिशनच्या सुतारशाळेत मास्तर. त्यांच्या कपड्यांना मेळघाटच्या सागाचा वास यायचा, आणि रंध्याखाली निघालेल्या सालपटांची एक टोपली रोज संध्याकाळी चुलीसाठी घरी यायची. कापसाच्या दिवसांत पलीकडच्या जिनिंगचा घुरघुराट दिवसभर चालायचा, त्यामुळे चाळीतल्या बायका ओरडूनच बोलायच्या. हंगाम संपला की बाकीच्यांचे आवाज खाली यायचे, माझ्या मायचा यायचा नाही. माय नांदगाव खंडेश्वराकडची. हात कामाला चपळ, जीभ त्याहून चपळ. दिवेलागणीला आमच्याकडे कौटुंबिक उपासना असे: शास्त्रातला एक उतारा, एक गीत, एक प्रार्थना, आणि मग ज्वारीची भाकर, वरण, मिरचीचा ठेचा. बाबांचा गळा चांगला होता. मायचा गळा मोठा होता. गीताच्या पहिल्याच ओळीला ती सूर सोडायची आणि शेवटपर्यंत त्याच्याकडे वळून पाहायची नाही. बाबा त्या वेळी डोळे मिटून घेत. ते भक्तीनं मिटत की सहन होत नाही म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका संध्याकाळी ती भाकरी टाकत होती आणि मी समोर बसून पाढे म्हणत होते. भाकर उलटताना तिचा डावा तळहात तापल्या तव्याच्या काठावर टेकला आणि टेकलेलाच राहिला. ती माझ्याशी बोलत होती, आठाचा पाढा चुकला म्हणून रागावत होती. आधी मला वास आला. मग दिसलं. मी ओरडले, "माय, हात!" तिनं हात उचलला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. ओरडली नाही, फुंकर घातली नाही. त्या हातावर मनगटाजवळ एक फिकट चट्टा होता, उन्हाचा म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पिसानं आणि टाचणीनं तपासलं आणि नाव सांगितलं. त्या काळात ते नाव लोक घरात उच्चारत नसत.

बाबांच्या मनात होतं की सगुणा, म्हणजे माय, माहेरी गेली आहे असं सांगावं. माय म्हणाली, "खोटं सांगून परार्थना कशी कराल? आन लोकाईनं तरी माह्यासाठी काय मागावं मंग?" तेव्हा रविवारी बाबा देवळात (आम्ही ख्रिस्ती माणसंही त्याला देऊळच म्हणायचो) उभे राहिले आणि बायकोला काय झालं आहे ते सरळ सांगून खाली बसले. सबंध मंडळी रडली. त्या आठवड्यात ती अकोल्यापलीकडच्या एका कुष्ठधामात गेली. ती गेली तेव्हा आमचं वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, आणि ती परत आली तेव्हा महाराष्ट्रात. मधल्या काळात शाळेतले नकाशे दोनदा बदलले. मंडळीनं या चार वर्षांत एकही रविवार असा जाऊ दिला नाही की ती बरी होऊन परत यावी म्हणून प्रार्थना केली नाही. हे मी मुद्दाम नोंदवते. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं.

घर सांभाळायला हिवरखेडहून बाबांची थोरली बहीण आली, मार्थाआत्या. विधवा, लेकरूबाळ नाही, अंगानं काटकुळी, आणि प्रत्येक गोष्टीवर मत असलेली. तिनं मला न्हाऊ घातलं, मारलं, उवा काढल्या, आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसली. महिन्याच्या पहिल्या रविवारसाठी मनुका निवडून, भिजवून, उकळून द्राक्षरस करायचं काम मंडळीनं मायकडे दिलेलं होतं, तेही आत्यानं उचललं. शनिवारी घरभर तो गोड-आंबूस वास सुटला की मला मायची इतकी आठवण यायची की मी सालपटांच्या टोपलीशी जाऊन बसायचे. आत्या गायची सुरेख. माय गेल्यावर आमचं दिवेलागणीचं गीत पहिल्यांदा सुरात यायला लागलं, आणि तेच सहन होईना. एकदा मधेच बाबा थांबले, चष्मा पुसायला लागले, आणि आत्यानं उरलेली तीन कडवी एकटीनं म्हटली.

दोन-अडीच महिन्यांनी आम्ही मायला भेटायला जायचो. सकाळी अमरावतीहून शटल, बडनेऱ्याला पॅसेंजर, मूर्तिजापूरला चहा, अकोल्याला उतरून टांगा. कुष्ठधामाच्या आवारात लिंबाची झाडं होती आणि कमरेएवढी एक भिंत होती. भिंतीच्या अलीकडे भेटणाऱ्यांचं बाक, पलीकडे त्यांचं. माय तिथल्या शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा भाजून पदरात आणायची, भिंतीवर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायची. मी त्या घरी नेईपर्यंत थांबत नसे, बाकावरच टरफलं काढून खायला लागायचे. मी तेव्हा दहा वर्षांची होते. मागचापुढचा विचार मनाला शिवला नाही. पुढे पंधराव्या वर्षी जे घडलं, त्यानंतर या शेंगा मला फार आठवत राहिल्या.

तिची पत्रं पोस्टकार्डावर यायची. पहिल्या चार-पाच पत्रांत देवाचं नाव नव्हतं. बाबा पुनःपुन्हा उलटसुलट करून पाहायचे, जणू पत्त्याच्या बाजूला कुठे लिहिलेलं सापडेल. जेवण कसं आहे, गोळ्यांनी कसं गरगरतं, शेजारच्या कॉटवर गयाबाई म्हणून एक बाई आहे, तिला बोटं नाहीत पण तिच्यासारखी चटणी कुणाला वाटता येत नाही, एवढंच. मग एका पत्रात एकदम लिहिलं होतं: "काल प्रार्थना केली. आधी भांडले. मग जरा बरं वाटलं. तुम्हीपण करा." तिथून पुढच्या प्रत्येक पत्रात ती दिवेलागणीला कोणतं गीत म्हणणार ते आधी कळवायची, म्हणजे आम्हीही त्या दिवशी तेच म्हणायचं. शेवटी माझ्यासाठी एक ओळ असायचीच. "रूथ, भिऊ नको. अभ्यास कर. आत्याचं ऐक." पहिल्या पत्रांत देव का नव्हता आणि मग कसा आला, ते विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

ती परत आली तेव्हा तिच्या डाव्या हाताची दोन बोटं आत वळली होती. बाकी ती तशीच होती, आवाजासकट. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की रोग गेला आहे, हिच्यापासून कुणाला काही धोका नाही. चाळीतल्या बायका भेटायला आल्या, दारातून "सलाम, सगुणाबाई" म्हणाल्या, देवाचे आभार मानले आणि दारातच उभ्या राहिल्या. चहा झाला म्हणाल्या. सकाळी सकाळी एकामागून एक सहा घरांत चहा झालेला होता. त्या आठवड्यात माझ्या देखत तिच्या हाताला हात लागू देणारा घराबाहेरचा एकच माणूस मी पाहिला, आमचे भट्टीवाले चाचा. प्रभुभोजनाचा पाव त्यांच्याच भट्टीतून यायचा. मायला रस्त्यात पाहून ते सायकलवरून उतरले, "आ गयी बहू? ले, गरम है," म्हणाले आणि तिच्या त्या वळलेल्या बोटांत पाव ठेवून निघून गेले.

मग पहिला रविवार आला. मायची जागा पूर्वी दुसऱ्या बाकावर होती. ती स्वतःहून बायकांच्या शेवटच्या बाकावर गेली आणि अगदी टोकाला बसली, म्हणजे पेला सगळ्यांत शेवटी तिच्याकडे यावा. तिच्या आधी आत्या. मी अजून मंडळीत सामील झालेली नव्हते, म्हणजे मला पेला मिळत नसे, म्हणून बाजूच्या मुलींच्या बाकावर होते आणि मला सगळं दिसत होतं. पेला आत्याकडे आला. आत्यानं घोट घेतला. मायनं दोन्ही हात पुढे केले. आणि आत्यानं तिच्यासमोरून हात लांब करून पेला बाकाच्या टोकाशी उभ्या असलेल्या सेवकाच्या हाती दिला. सेवकानं तो घेतला आणि चालू लागला. मायचे हात क्षणभर तसेच राहिले. मग तिनं पदर सारखा केला, जणू हात त्यासाठीच उचलले होते.

त्या दिवसापासून मी आत्याच्या हातचं खाणं सोडलं. पंधरा वर्षांच्या मुलीला राग फार शोभून दिसतो असं तिला वाटत असतं. मला वाटत होतं. मी माझी भाकर माझी थापायची, जाड, कडा फाटलेली, अर्धी कच्ची, आणि ती आत्यासमोर बसून खायची. "चार वर्षं तिच्यासाठी प्रार्थना केली कशाला मग?" मी तिला विचारलं. "मले काय मालूम कसं झालं," आत्या म्हणाली आणि चुलीतली राख उगाच उकरत बसली. माय मात्र तिच्याशी पहिल्यासारखीच बोलत होती, याचाही मला रागच होता.

मायच्या पेल्यावरून देवळातली कुजबुज वाढली, तशी मंडळीच्या वडीलजनांनी बैठक घेतली. मायचं नाव कुणी घेतलं नाही. काळ बदलला आहे, मोठ्या शहरांत आता छोटे छोटे काचेचे प्याले वापरतात, लाकडी तबकात भोकं पाडून त्यांत ठेवतात, ज्याचा त्याला, आरोग्याच्या दृष्टीनंही बरं, असं ठरलं. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, जुना पेला शेवटचा फिरवायचा आणि पुढच्या महिन्यापासून प्याले. आता तबक कोण करणार? मंडळीत सुतारमास्तर एकच. पाळकसाहेब स्वतः घरी सांगायला आले. ते म्हातारे होते, माणूस साधा, पण मंडळी फुटेल या भीतीनं त्यांना कधी ठाम बोलता आलं नाही. बोलताना ते सबंध वेळ बाबांच्या रंध्याकडे पाहत होते. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "माह्या हातानं माह्याच बायकोले वेगळी करू काय मी?" माय सांबार निवडत होती, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती मान वर न करता म्हणाली, "करा. आन चांगलं करा. भोकं वाकडीतिकडी नोका पाडू, तुमचं नाव खराब होईल." दुसऱ्या दिवशी बाबांनी सागाची एक रुंद फळी आणली, रंधून गुळगुळीत केली आणि भिंतीला टेकवून ठेवली. जाता-येता मला ती दिसायची.

मी जाहीर केलं की मी असल्या मंडळीत सामील होणार नाही. सणाच्या दिवशी माझं सामील होणं ठरलेलं होतं, त्या वर्षी मी एकटीच. माय मला म्हणाली, "कोणासाठी होऊन रायली तू सामील? लोकाईसाठी?" मग म्हणाली, "मले तुह्या हाती पेला द्यायचा हाये, रुथे. माह्या मनात चार वर्षं तेच होतं." आमच्याकडे रीत होती. नव्यानं सामील होणाऱ्याला पहिला पेला पाळक देत नसत, ज्यानं त्याला लहानपणी प्रार्थना शिकवली तो माणूस देई. त्या दिवशी मान नव्या माणसाचा पहिला. शिकवणारा पुढे येतो, घोट घेतो, पेला त्याच्या हाती देतो, आणि तिथून तो सबंध मंडळीत जातो. हे लक्षात आलं तेव्हा मी हरखले. शिकवणारी माझी माय. म्हणजे ती शेवटच्या बाकावरून उठून सगळ्यांपुढे येणार, तिच्यानंतर मी, आणि माझ्यानंतर, तिच्या ओठांच्या जागेवरून, मंडळीतल्या प्रत्येकाला घोट घ्यावा लागणार. मी ते आठवडे मोठ्या थाटात काढले. मनातल्या मनात मी पेला उंच धरलेला होता आणि सगळे माझ्याकडे पाहून खजील होत होते.

सणाची सकाळ मला लख्ख आठवते. पांढरं पातळ, नवीन, खळीचा वास येणारं. देवळात निशिगंधाचे हार. माझ्या नावाचा पुकारा झाला. माय मागून चालत आली, सबंध मधली वाट, एकदाही इकडेतिकडे न पाहता. ती माझ्या शेजारी, माझ्यासारखीच पाळकांकडे तोंड करून उभी राहिली. पाळकसाहेबांनी पेला तिच्या हाती दिला, तिनं पोच्याच्या बाजूला घोट घेतला आणि पेला माझ्यापुढे केला. उजव्या हातात बूड, आणि डाव्या हाताची ती दोन वळलेली बोटं पेल्याच्या कानात अडकवलेली. पोचा माझ्या समोर होता, त्याच्याशेजारी काठावर ओल होती. मी पेला घेतला. आणि माझ्या हातांनी तो फिरवला.

फार नाही, अर्धा वळसा. मी ठरवलेलं नव्हतं हे मी आजही शपथेवर सांगेन, पण कुणाचे हात ते? पोचा पलीकडे गेला, मी अलीकडून घोट घेतला आणि पेला पुढे दिला. मायनं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तशी रीतच होती. पेला मग पहिल्या बाकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेला. कुणीही नाकारला नाही. कुणाला नाकारायचं कारणच उरलं नव्हतं. पोच्याची बाजू कोरडी होत गेली आणि सगळ्यांनी माझ्या बाजूनं घोट घेतला. मी फिरवला म्हणून सगळ्यांची सोय झाली. बाकांवरचं ते हायसं वाटणं मला पाठीला जाणवत होतं. मी इतकी वर्षं जगले, माणसांना बरंवाईट बोलले, चुका केल्या, पण त्या क्षणाएवढी लाज मला पुन्हा कधी वाटलेली नाही.

घरी जेवणाची पानं मांडली होती. मी ताटावर न बसता मागच्या अंगणात गेले. माय माझ्या मागून आली आणि धुण्याच्या दगडावर बसली. मी म्हणाले, "माय, मी पेला फिरवला."

"पायलं मी."

"मी मुद्दाम नाही केलं गं."

"तेबी मालूम हाये. बस इथं." मी बसले. तिनं माझ्याकडे न पाहता सांगायला सुरुवात केली. "तिथं मी गेली न, तं पयल्याच रविवारी परभुभोजन होतं. माह्या आंधी गयाबाई. तिनं मले पेला देल्ला, दोन्ही मनगटात धरून. बोटं कोठी होती तिले? आन मी फिरवला. मी सोता तोच रोग घेऊन तिथं गेली होती, रुथे, आन मी तिचा पेला फिरवला."

"मग?"

"मंग काय. तिनं पायलं, जसं मी आज पायलं. संध्याकायी तिनंच मले चटनी वाढली. महिनाभर मी देवाशी भांडली, का तुनं मले इथं काहून आनलं. तो काही बोले ना. गयाबाई रोज चटनी वाढे. दुसऱ्या महिन्यात पेला आला, तवा नाही फिरवला. त्या दिवशी मले घरी पोचल्यावानी वाटलं." ती उठली, पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच. "तू पुढच्या महिन्यात नोको फिरवू. झालं."

"पुढच्या महिन्यात पेला कुठे आहे, माय? तबक येणार ना." हे म्हणताना मला हुंदका आवरेना. मला दुसरा महिना मिळणार नव्हता. बाबांची ती गुळगुळीत फळी भिंतीशी उभी होती.

बाबा मागच्या दारात केव्हा येऊन उभे राहिले होते ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी फळी उचलली, उजेडात धरली, अंगठा फिरवला, नखानं टकटक करून कान लावला. मग म्हणाले, "हे लाकूड वायलं नाही अजून."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. एप्रिल महिना होता. अमरावतीत त्या दिवसांत ओला टॉवेल पिळून दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. फळी मेळघाटातून येऊन किती वर्षं सुतारशाळेत पडलेली होती ते मलाही ठाऊक होतं. "ओल्या लाकडाले भोकं पाडली तं तबक वाकते," बाबा गंभीरपणे म्हणाले. "साहेबाईले सांगून येतो." आणि चप्पल घालून निघालेसुद्धा. पाळकसाहेबांनी त्यांना म्हणे इतकंच विचारलं, "किती दिवस लागतील, मास्तर?" बाबा म्हणाले, "सागाचं काही सांगता येत नाही." साहेब म्हणाले, "घाई नका करू. वाळू द्या चांगलं." त्या भित्र्या माणसानं आयुष्यात केलेलं ते सगळ्यांत धीट काम असावं. पुढे वडीलजन दर महिन्याला विचारायचे, मग दोन-तीन महिन्यांनी, मग पावसाळा आला आणि विचारायची सोयच राहिली नाही.

मी त्याच दुपारी स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "आत्या, भाकर दे." आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिनंही देवळात पाहिलेलंच होतं. "काहून? आज माह्या हातची चालते काय तुले?" असं म्हणून तिनं ताटात दोन भाकरी टाकल्या, वर तूप ओतलं, आणि मग माझ्याकडे पाठ करून रडायला लागली. आम्ही दोघी रडत रडत जेवलो. माय बाहेरून ओरडली की अन्न समोर ठेवून रडू नका.

पुढच्या महिन्यातल्या त्या शनिवारी आत्यानं मनुकांचं सूप मायसमोर ठेवलं. "घे, निवड. मले आता खडे दिसत नाही," ती म्हणाली. तिला पन्नास पावलांवरून उवा दिसत. मायनं सूप पुढ्यात ओढलं आणि निवडायला बसली, आणि मनुका उकळल्याचा वास घरात पसरला तेव्हा मला टोपलीशी जाऊन बसावंसं वाटलं नाही.

रविवारी माय शेवटच्या बाकाकडे निघाली. मी तिचा हात धरून तिला टोकाला बसू दिलं नाही, एक जागा अलीकडे बसवलं आणि तिच्या पलीकडे मी बसले. एवढ्यात आत्या आली. ती मायच्या अलीकडे बसेल असं मला वाटलं, तिची नेहमीची जागा तीच. ती सगळ्यांचे गुडघे ओलांडत आमच्यापर्यंत आली आणि माझ्या न् मायच्या मधे अंग घालत म्हणाली, "सरक, पोट्टे. माही पाळी तुह्या आंधीची हाये." मी सरकले. पेला आला. मायनं पोच्याच्या बाजूला घोट घेतला आणि आत्यापुढे धरला. आत्यानं तो दोन्ही हातांनी धरला, तरी मायनं आपला डावा हात बुडाखाली तसाच ठेवला. आत्यानं पेला फिरवला नाही. मग तिनं तो मला दिला. पोचा माझ्या समोर होता, शेजारी ओल होती. मी तिथं ओठ लावले. मनुकांचा रस नेहमीसारखाच होता, थोडा जास्तच गोड, मायचा हात साखरेला सैल. सेवक उरलेला पेला घेऊन गेला आणि पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर तो शेवटपर्यंत रिकामा केला.

ती फळी माझ्याकडे आहे. बाबा गेल्यावर त्यांच्या हत्यारांबरोबर माझ्या वाटणीला आली. तिला एकही भोक नाही, आणि ती अजून वाकलेली नाही. मांडीवर तीच घेऊन मी हे लिहिते आहे. आता हे मांडताना मला गयाबाईंचा चेहरा आठवायचा असतो, आणि तो मी कधी पाहिलेलाच नाही. भिंतीपलीकडच्या बाकावर बसणाऱ्यांत त्या कधी असतील तर मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नसेल, मी शेंगा खात असेन.

त्या रविवारी शेवटचं गीत सुरू झालं. बाबा पुरुषांच्या बाजूला होते, त्यांनी पेटीवाल्याच्या सुरात सूर लावला. मायनं खाकरून गळा साफ केला आणि पहिल्याच ओळीला सूर सोडला, चार वर्षांत जेवढा सोडायचा राहिला होता तेवढा एकदम. पुढच्या बाकावरच्या दोघींनी मागे वळून पाहिलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. आत्यानं एक कडवं सांभाळून पाहिलं, मग तिनंही नाद सोडला, आणि आम्ही तिघी मायच्याच सुरात शेवटपर्यंत गायलो.